न धुतलेल्या साली

गेल्या हिवाळ्यात ताईच्या पायांतली ताकद जाऊ लागली. ती सौंसरला राहते, मी पांढुर्ण्यात. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे अन्नातून शक्ती तयार करणारी बारीक केंद्रं, तिच्या शरीरात नीट चालत नाहीत. पूर्ण बरं करणारं औषध नाही. दिलेल्या गोळ्या घ्या, फार थकू नका.

भाऊजींना एवढ्यावर गप्प बसवेना. मोबाइलवर त्यांनी ऐकलं, की संत्र्याच्या सालीतले अँटिऑक्सिडंट मायटोकॉन्ड्रियाला झिजू देत नाहीत. घरची बाग होतीच. मी गेले तेव्हा गच्चीवर चादरीभर साली वाळत होत्या आणि खाली मिक्सर चालू होता. ताई रोज सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा भुकटी पाण्यातून घेत होती.

"या साळीबाई," भाऊजी मेव्हणीची थट्टा करत म्हणाले, "आता आमची चौकशी होते!"

"साली धुतल्या का?"

"संत्रं कोणी धुते का? सोलाचं अन् खाचं."

खरं होतं. आमच्या भागात संत्रं कुणी धूत नाही. साल फेकायचीच असते. पण माझं कीटकनाशकांचं दुकान आहे आणि त्यांच्या बागेवरचा फवारा माझ्याकडूनच जातो. तो बसतो सालीवरच.

"शेवटचा फवारा कधी मारला?"

त्यांनी मिक्सर बंद केला. "तोडीच्या आधी."

"डब्यावर लिहिलं तेवढे दिवस थांबले का तुमी?"

"व्यापारी घाई करून राहिला होता."

ताई खुर्चीतून ओरडली, "तू कायले त्याइच्या मागं लागली? मले फरक पडून राहिला ना! परवा मी कोणाले न धरता उठली."

"गोळ्यांनं उठली असशील."

"गोळ्या तर कवाच्या घेऊन राहिली. तुले माह्या बरं होन्याचं दुःख आहे का?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, प्रयोगशाळेतल्या पेशींवर अशा वनस्पतीतल्या पदार्थांचा चांगला परिणाम दिसतो, पण माणसाच्या पोटातून त्यातलं किती तिथवर पोचतं हे सांगता येत नाही. शिवाय दाट मात्रेचा लिव्हरवर ताण येऊ शकतो, ती तिच्या गोळ्यांशी भांडू शकते. भुकटी आजच बंद करा, रक्त तपासा.

रिपोर्ट येईपर्यंत मी दुकानात दोनदा चुकीचं औषध काढून दिलं. गिऱ्हाइकांनीच परत केलं म्हणून बरं. रिपोर्टात लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. भुकटीनं, फवाऱ्यानं की गोळ्यांनी, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. भाऊजींनी उरलेली भुकटी बांधाशी खड्डा करून पुरली. गुरांच्या तोंडी लागू नये म्हणून वर दगड ठेवला.

ताईनं एकच विचारलं, "अन् आता उठता नाही आलं तं?"

"तं डॉक्टरले सांगू," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज सकाळी फोन करते. मी विचारायच्या आत ती म्हणते, "उठली, बापा, उठली." आज फोन भाऊजींनी घेतला. "थांबा, देतो तिले," म्हणाले, आणि मग बराच वेळ खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा येत राहिला.