देऊळघाटची पसंती

चहा गार होऊ द्या, पण माझी ही फजिती ऐकाच. आणि हसायचं ते शेवटी हसा.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मीही पुरातत्त्व खात्यात नवाकोरा लागलो होतो. विषय प्राचीन मंदिरांचं स्थापत्य. पहिलीच कामगिरी मिळाली: बुलढाण्याजवळ देऊळघाटला एका पाटलांच्या शेतात हेमाडपंती देऊळ आहे, ते पाहून यायचं. आनंद इतका की मोटारीत मला बसवत नव्हतं.

नवा कोट घालून उतरलो, तर पाटील स्वतः न्यायला उभे.

"पाहाले आले ना?"

"हो, पुण्याहून मुद्दाम."

आमच्या खात्यानं आधी कळवलं म्हणायचं! ऊर भरून आला. घरी ओसरीवर गादी, समोर पोहे, आणि दहा-बारा माणसं मला निरखताहेत. संशोधकाला एवढा मान कुठे मिळतो, सांगा? मी खुललो.

"एकटेच आले? वडीलधारं कोणी नाही?" पाटलांनी विचारलं.

"आमच्यात आधी एकट्यानंच पाहतात. पसंत पडलं की साहेब येतात."

"साहेब काऊन?"

"शेवटचा शब्द त्यांचाच. मी फक्त सगळ्या बाजूंनी पाहणार, मोजमाप घेणार." मी पिशवीतून टेप काढला. "म्हणजे वय कळतं. लोक सांगतात त्यापेक्षा ते बरेचदा जास्तच निघतं."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कोपऱ्यातले पाटलांचे मेहुणे उठून उभे राहिले.

"आमची पोरगी विसाची हाय. तुमाले काई शंका हाय काय?"

पोरगी? तेवढ्यात ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि माझ्या हातातला टेप सुटून पार उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेला.

"अहो, मी देऊळ पाहायला आलोय," मी कसंबसं म्हणालो.

पाटील पोट धरून हसले. मुलगी पाहायला अकोल्याचा ओव्हरसियर यायचा होता, त्याची मोटार चुकली असावी. "चाला, देऊळ दाखोतो," म्हणत ते उठलेही. पण मी उठेना. ट्रेमागचा तो चेहरा पाहिल्यावर देऊळ कुणाला आठवतंय?

"पाटील," मी म्हणालो, "माझंही लग्न व्हायचंय अजून."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग आत गेले. आत थोडी कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या, कुणीतरी खुदकन हसलं. मी कोटाच्या गुंड्या लावून ताठ बसलो. पाटील बाहेर आले, ते मिशीत हसू दाबतच.

"पोरगी नाही म्हनते, साहेब."

"का हो?"

"म्हनते, आठशे वर्सांमांगचं सारं वळखते, अन् आपल्या म्होरं काय चालू हाय ते याले पोहे सरले तरी समजत नाही. असा नवरा मले नको."