एक जास्तीचा थ्री

बॉल हातातून सुटला की तो पाठ फिरवायचा. बॉल अजून हवेत, हॉलमधली सगळी डोकी वर, आणि हा मात्र आपल्या बाजूला चालायला लागलेला. मागून जाळीचा आवाज यायचा. एकदा मी विचारलं, "अरे, बघत का नाहीस?" तर म्हणाला, "बघायचं काय त्यात? हाताला कळतं, काका."

काका! मी त्याच्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठा. पण इथे कतारमध्ये, दोह्याला आल्यापासून माझ्या केसांनी जी माघार घेतली ती थांबलीच नाही, आणि पोट मात्र पुढे निघालं. तेव्हा 'काका' मी मुकाट्याने गिळला.

तुम्ही म्हणाल, तुझा आणि बास्केटबॉलचा संबंध काय? खरं सांगतो, काही नाही. नाशकात शाळेत असताना मी टाकलेला बॉल एकदाच रिंगच्या आसपास गेला होता, तोही पीटीच्या सरांच्या टाळक्यावरून. इथे लुसैलच्या एका ऑफिसात मी ड्रॉइंगच्या फायली सांभाळतो. अक्षर बरं, म्हणून कुणीतरी मला लीगच्या स्कोअररच्या टेबलावर बसवलं. कुणी किती पॉइंट केले ते स्कोअरशीटवर लिहायचं, एवढंच काम. पण काळा ब्लेझर मिळायचा. तो घातला की मी स्वतःला ऑलिम्पिकचा पंच समजायचो. बायको म्हणायची, "वरातीतल्या बँडवाल्यासारखे दिसता."

तो रत्नागिरीकडच्या मुसलमान घरातला, जन्म मात्र दोह्याचा. मराठी आईकडून आलेली. टेबलापाशी पाणी प्यायला आला की आम्ही दोन वाक्यं मराठीत बोलायचो, आणि बाकीच्यांना कळत नाही म्हणून मला उगाच फार महत्त्वाचं वाटायचं. उंची बेताची, धावणं त्याहून बेताचं. पण लांबच्या रेषेबाहेरून, जिथून एका बास्केटला तीन पॉइंट मिळतात, तिथून त्याच्यासारखा टाकणारा आमच्या लीगने पाहिला नव्हता. सगळ्यांत जास्त थ्रीचा रेकॉर्ड एका जुन्या, केव्हाच निवृत्त झालेल्या खेळाडूच्या नावावर होता. हा सतरा वर्षं त्याच्या मागे लागला होता.

आता गुडघा गेला होता. क्लबने सांगून टाकलं होतं, पुढच्या सीझनला कॉन्ट्रॅक्ट नाही. म्हणजे रेकॉर्ड होणार तर याच वर्षी, नाही तर कधीच नाही.

प्रत्येक मॅचनंतर, आता गावी परतलेल्या आईचा रत्नागिरीहून फोन यायचा. सलाम-दुवा नंतर, आधी "किती गेले?" मग हा तिला आकडा सांगायचा आणि ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. टेबलावर मी लिहायचो, तिकडे ती. दोघांमध्ये कोण जास्त काटेकोर, ते पुढे कळलंच.

शेवटच्या मॅचच्या आधी लीगने जाहीर केलं की रेकॉर्डची बरोबरी झाली, आता एकच थ्री हवा. त्याच संध्याकाळी तो अबू हमूरला माझ्या घराजवळ आला. आम्ही गाडीत करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, पीत बसलो.

"काका, एक जास्त आहे."

"साखर?"

"थ्री. अम्मीच्या कॅलेंडरवर एक कमी भरतो. मी आठवून बघितलं. तुम्ही टेबलाखाली काहीतरी खात होता ना, त्या मॅचचा."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशी संकष्टी होती. बायकोने दिलेला साबुदाणा वडा मी नियम मोडून, मान खाली घालून, ब्लेझरच्या आडोशाने खात होतो. वर पाहिलं तर जाळी हलतेय आणि पंचाची तीन बोटं वर. थ्री म्हटल्यावर दुसरा कोण टाकणार? मी बिनदिक्कत याच्या जर्सीचा नंबर लिहिला.

"आमच्या सेंटरने टाकला होता तो," तो म्हणाला.

सेंटर म्हणजे त्यांच्या टीममधला ट्युनिशियाचा धिप्पाड गडी. त्याने रिंगखाली उभं राहून बॉल आत ढकलायचा, बस. त्याला लांबून टाकताना कुणी पाहिलं नव्हतं. ज्या एका दिवशी त्याने टाकला, त्या दिवशी मी वडा खात होतो.

"अरे, मग तो काही बोलला कसा नाही?"

"बोलला ना. म्हणाला, आयुष्यात एक थ्री मारला, तोही तुझ्या नावावर. मला वाटलं मस्करी करतोय. लीगला मेल टाका, काका."

माझ्या डोळ्यांसमोर ब्लेझर तरळला. मी लगेच समजूतदार माणसाचा आवाज काढला. "असं बघ, उद्या तू चार-पाच मारशील. मग एकाने काय फरक पडतो?"

"मला नाय पडत. त्याला पडतो. त्याचा एकच आहे."

"बरं, मॅच झाली की पाठवतो. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मी म्हणेन, काका. तुम्ही फक्त पाठवा."

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. पाचव्या मिनिटाला त्याने कोपऱ्यातून टाकला, पाठ फिरवली, जाळी वाजली. निवेदकाने रेकॉर्ड झाल्याचं ओरडून सांगितलं. मॅच थांबवली, सगळे उभे राहिले, कोर्टावरच केक आला. त्याने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. लोकांना वाटलं, मी नंबर एक. टाळ्यांचा पाऊस पडला. खरा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता. ही नुसती बरोबरी, अजून एक हवा.

आणि तो एक येईना. एक रिंगच्या पुढे पडला, एक मागे. गुडघा सांभाळत तो पळत होता. मी, पक्षपात न करण्याची सही करून बसलेला माणूस, टेबलाखाली गणपतीला हात जोडत होतो. त्याच्यासाठी की माझ्या मेलसाठी, विचारू नका.

शेवटच्या मिनिटाला बॉल त्याच्याकडे आला. त्याने टाकला. आणि या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. तो बघत उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

मॅचनंतर तो टेबलापाशी आला. मी हळूच म्हटलं, "राहू दे ना रे. केकसुद्धा कापून झाला."

"केक चांगला होता," तो म्हणाला. "पाठवा आता."

त्याचा चेहरा इतका थकलेला होता की मला स्वतःची लाज वाटली. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मेल लिहिला. साबुदाणा वड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते न सुचल्याने 'वैयक्तिक निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि पाठवला.

आता यादीत पहिल्या ओळीवर दोन नावं आहेत. खाली, बरंच खाली, सेंटरच्या नावापुढे एकचा आकडा आलाय. तो गडी त्या ओळीचा फोटो काढून अजूनही लोकांना दाखवत असतो. माझा ब्लेझर परत मागवला गेला. बायको म्हणाली, "बँड बंद झाला वाटतं." पण त्या रात्री तिने मला न मागता आणखी एक पोळी वाढली.

कॉन्ट्रॅक्ट संपलं तसा व्हिसाही संपला. जन्मगाव सोडून तो रत्नागिरीला निघाला, जिथे तो फक्त मे महिन्याच्या सुट्टीत गेला होता. एअरपोर्टला सोडायला मी गेलो. वाटेत म्हणाला, "काका, हॉलवर थांबवा जरा. लॉकरची किल्ली द्यायची आहे."

हॉल रिकामा होता. किल्ली देऊन आल्यावर कोपऱ्यात पडलेला एक बॉल त्याने उचलला, लंगडत रेषेबाहेर गेला आणि टाकला. मग पाठ फिरवून दाराकडे चालायला लागला.

"चला काका, यल्ला. उशीर होईल."

मी हललो नाही. मान वर करून, बॉल जाळीतून खाली पडेपर्यंत, डोळे न मिटता बघत राहिलो. हा कुणी टाकला, ते कुठेही लिहून द्यायला मी तयार होतो.