रामटेकच्या पायऱ्या आणि ह्यांचा चष्मा

गेल्या रविवारी रामटेकला जाऊन आले. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच.

नणंदेच्या मुलाचं लग्न झालं, नव्या जोडप्याला दर्शनाला न्यायचं होतं. नणंद म्हणाली, "वहिनी, आता किती दिवस टाळशील? चल वं." गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे मिस्टर रामटेकच्या पायऱ्यांवर पडून गेले. दर्शन करून उतरताना वानराने त्यांचा चष्मा ओढून नेला, तेव्हा ते पडले. डोक्याला मार बसला, नागपूरच्या दवाखान्यात दोन दिवस होते... बस.

मी तेव्हा थोडी वर होते. सँडलचा पट्टा निघाला म्हणून बसले होते. खालून खूप लोकांच्या हसण्याचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ ओरडण्याचा. मी धावत उतरले तेव्हा हे आडवे होते.

पेपरात दोन ओळी आल्या होत्या, 'माकडाचा पाठलाग करताना तोल गेला'. घरच्यांनी पण तीच गोष्ट धरली. आपला माणूस असा गेला म्हटलं की समोरचा आधी "अरे रे" म्हणतो आणि मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं... मला ते दिसतं. म्हणून कोणी विचारलं तर मी नुसतं "अपघात" म्हणते.

हे रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे आणि मला भाजी चिरताना मोठ्याने ऐकवायचे. मी शाळा लवकर सोडलेली, स्वतः कधी वाचत नव्हते. हे गेल्यावर पेपर बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तो येत राहिला, म्हणून मी वाचायला लागले. मग लायब्ररी लावली.

पुस्तकात कोणी मेलं की मी कसं मेलं ते आधी बघते. एक बादशहा ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. परदेशातला एक राजा माकड चावून गेला. त्या राजाचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्या घरच्यांसमोरही लोकांनी हसू दाबलं असेल का, ते काही लिहिलेलं नव्हतं.

तर, रविवारी गाडीत नव्या सुनेने, प्राचीने, विचारलं, "मामा कशाने गेले हो?" मी काही बोलायच्या आत नणंद म्हणाली, "माकडाच्या मागे धावला ना दादा. चष्म्यासाठी!" प्राचीने पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. वाईट नाही पोरगी... पण मला दिसलं.

पायऱ्यांशी आल्यावर मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते. एक फुटाणेवाली बाई टोपली घेऊन बसली होती, तिच्या बाजूला टेकले.

ती लगेच म्हणाली, "चश्मा काढून ठेवा जी. वांदर नेते."

मी चष्मा पर्समध्ये टाकला. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती आपणहून सुरू झाली. "एका काकाचा असाच नेला होता. लई जाड काचा होत्या त्याच्या. मेला बिचारा."

मला उठून जावंसं वाटलं. पण बसून राहिले. म्हटलं, "मागे धावले असतील."

"कोण म्हणते?" ती एकदम तडकली. "मी इथंच होती ना जी! धावला-बिवला नाही तो. उभा होता. वांदर तिकडं वर बसलं, चश्मा उलटापालटा करून पाहून राहिलं होतं. तर हा काका त्यालेच म्हणते, 'पेपर वाचून झाला का वापस आणून दे गा!' आम्ही सारे अशे हासलो, अशे हासलो..."

मी विचारलं, "आणि ते?"

"तोच तर पयले हासला. मंग हासत हासत पाय टाकाले गेला, अन् पायरी दिसलीच नाही त्याले."

इतकी वर्षं मी धरून बसले होते की लोक पडणाऱ्या माणसाला हसले. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानातून गेला नव्हता... तो ह्यांच्या विनोदावरचा होता. त्यात ह्यांचंही हसू होतं, आणि मला ते ओळखू आलं नाही.

मी कोण, ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने गोष्ट जपून सांगितली असती. ती चष्मेवाल्या प्रत्येक माणसाला सांगते, तशीच मला हवी होती. फुटाणे घेतले, तिने वरून एक मूठ जास्त टाकली.

परत येताना गाडीत मी सगळं सांगितलं, ह्यांच्या वाक्यासकट. प्राची खळखळून हसली आणि मग घाबरून तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "हास गं, हसण्यासारखंच बोलले ते." नणंद म्हणाली, "असाच बोलायचा वं दादा." आणि पदर डोळ्यांना लावला.

आता कोणी विचारलं की "अपघात" म्हणून थांबणार नाही. चष्मा वानराने नेला, हे धावले नाहीत, उभे राहून त्याच्याशी थट्टा केली आणि हसत पुढे पाय टाकला... असं पूर्ण सांगणार. ऐकणाऱ्याला हसू आलं तर येऊ दे.

त्या फुटाणेवाल्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. माझ्या माणसाची खरी गोष्ट तिने इतकी वर्षं सांभाळली. मी पुन्हा जाणार आहे... चष्मा घालूनच जाईन, म्हणजे ती मला परत सांगेल.