विनिपेगचा लांबलेला हिवाळा

एका वर्षी माझ्यामुळे कॅनडातल्या विनिपेग शहरात उन्हाळा आलाच नाही.

म्हणजे तिथल्या लोकांकडे तो वेळेवर आला असणार. आमच्या बुऱ्हाणपुरातल्या घरी मात्र मे महिना अर्धा सरला तरी विनिपेगला उणे चोवीस अंश होते, आणि माझे सासरे रोज सकाळी साडेसातला ते खड्या आवाजात वाचून दाखवत होते.

विनिपेगला माझी नणंद शुभा राहायची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि जूनच्या मध्यावर तिचं पहिलं बाळंतपण होतं. त्यासाठी सासूबाई जाणार होत्या. भुसावळच्या पुढे एकटीने कधी न गेलेली ही बाई व्हिसासाठी दिल्लीला जाऊन आली, दहा बोटांवर दहा उत्तरं मोजून पाठ केली आणि पास झाली. जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट इंदूरच्या एजंटाकडे तयार होतं. अडचण एकच होती. आईंना, म्हणजे सासूबाईंना, दमा होता.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

तेव्हा घरात नेट नवीन आलं होतं. फोनच्या तारेतून यायचं, किंचाळत यायचं आणि मिनिटामिनिटाला पैसे खायचं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नेट चालू ठेवून निवांत वाचत बसणं आणि नळ उघडा टाकून दात घासणं मला सारखंच. अशात एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवर एक सॉफ्टवेअर सापडलं. हवी ती पानं त्याच्या यादीत घालायची, समोर खूण करायची आणि बटण दाबायचं. ते स्वतः फोन लावणार, पानं भराभर उतरवून घेणार, फोन ठेवणार. मग आठवडाभर वाचा, एक पैसा पडत नाही! ई-मेलवरच्या पत्रांचंही तसंच. आली ती उतरवून घ्यायची, उत्तरं सावकाश लिहायची आणि पुढच्या खेपेला एकदम धाडायची.

मी लगेच पद्धत बसवली. रविवारी सकाळी गॅसवर वरणाचा कुकर चढवायचा आणि इकडे बटण दाबायचं. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद, फोन बंद. बिल निम्म्यावर आलं. नवऱ्याने नेपानगरच्या त्याच्या ऑफिसात माझं कौतुक केलं, आणि दोन सहकाऱ्यांच्या बायका कुकर घेऊन शिकायला येतो म्हणाल्या. (आल्या नाहीत. पण मी पूर्ण तयारीत होते.)

फेब्रुवारीत लक्षात आलं की तिसरी शिट्टी चुकते आहे. चौकशी केली. दोषी निघालं विनिपेगच्या हवामानाचं पान. त्याच्यावर ढगांचा एक रंगीत नकाशा होता, आणि तो एकटाच दीड शिट्टी खायचा. मी त्याच्यासमोरची खूण काढून टाकली. हवामान काय आठवड्या-आठवड्याला बदलतं थोडंच? महिन्यातून एकदा आणू की! (हा बुऱ्हाणपुरात वाढलेल्या बाईचा विचार होता. आमच्याकडे मार्चमध्ये ऊन लागतं ते जूनमध्ये जातं. मध्ये विचारायचं काही नसतं.)

मग शाळेच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं, आणि ती खूण परत करायची मी साफ विसरले. जुनं पान कॉम्प्युटरमध्ये होतं तिथेच राहिलं.

माझे सासरे अप्पा निवृत्त भूगोल शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना जगाचं हवामान शिकवलं. रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, ते देवाआधी कॉम्प्युटर उघडायचे.

"शुभाकडे आज उणे चोवीस!"

मार्चमध्ये कोणी काही बोललं नाही. तिकडे थंडी असतेच. एप्रिलमध्ये अप्पांनी जुना ॲटलास काढला, भिंग लावलं आणि कॅनडाचं पान शोधलं.

"सुनीता, पुस्तकाप्रमाणे आता बर्फ वितळायला हवा."

"मग?"

"मग काय! पुस्तक जुनं. हे ताजं आहे."

शेजारी वर्माजी राहायचे. त्यांचं केळी पिकवायचं कोल्ड स्टोअर होतं. ते रोज कंपाउंडच्या भिंतीवरून आकडा विचारायचे. एकदा त्यांना शंका आली.

"मास्टरसाब, रोज चौबीस ही? एक डिग्री भी इधर-उधर नहीं?"

"वर्माजी, हमारे यहाँ मई में रोज चवालीस रहता है कि नहीं?"

"रहता है।"

"तो बस!"

वर्माजींचं समाधान झालं. माझंही झालं, हे सांगायला लाज वाटते. मी तेव्हा बाजूलाच कपडे वाळत घालत होते.

खरी पंचाईत शुभाच्या पत्रांनी केली. ती दर रविवारी ताजी यायची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, आणि प्रत्येकात शुभा मजेत असायची. "काल आम्ही अंगणात बसून जेवलो," तिने लिहिलं. अप्पांनी चष्मा काढला.

"अंगणात? उणे चोवीसात? म्हणजे घरातलं हीटर बंद पडलंय!"

"अहो, तसं असतं तर लिहिलं असतं तिने," आई म्हणाल्या.

"लिहील? लहानपणी पायात काच गेली तेव्हा सांगितलं होतं तिने? दोन दिवस लंगडत होती अन् म्हणे खेळतेय!"

पुढच्या पत्रात ती म्हणाली की इथे छान ऊन पडलंय. अप्पा म्हणाले, पोरगी धीर देतेय. त्याच्या पुढच्या पत्रात तिने बाह्या नसलेल्या कपड्यातला फोटो पाठवला. अप्पा म्हणाले, जुना. "यात पोट दिसतंय की तिचं!" आई म्हणाल्या. अप्पांनी फोटोवर भिंग धरलं. मग हळूच म्हणाले, "फोटोपुरता स्वेटर काढला असेल. आपल्याला बरं वाटावं म्हणून."

परदेशी फोन महिन्यातून एकदाच, तीन मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं "हॅलो, ऐकू येतंय का?" मध्ये जायची आणि उरलेलं एक रडण्यात.

शेवटी एका गुरुवारी अप्पांनी जाहीर केलं. "तू जायचं नाही. दम्याच्या बाईला उणे चोवीसात पाठवायचं? परक्या देशात हिचा श्वास अडकला तर ती अवघडलेली पोरगी कोणाकोणाला बघेल?"

"काही नाही होत मला," आई म्हणाल्या.

"बिल्कुल नाही!"

आई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा अंगात दोन स्वेटर, पायात लोकरी मोजे, डोक्याला माकडटोपी! बाहेर चव्वेचाळीस अंश होते. पंखा बंद करून त्या कॉटवर ताठ बसल्या.

"सवय करतेय," म्हणाल्या.

दुपारपर्यंत गल्लीतल्या तीन बायका मलेरियाची औषधं सुचवून गेल्या. मी प्रॅक्टिकल बाई. मी म्हटलं, हे उलटं होतंय. थंडीची परीक्षा घ्यायची तर थंडीत घ्या! वर्माजींचं कोल्ड स्टोअर आहे की! (ही सूचना माझी होती. ती इतर कोणाच्या नावावर ढकलायचा मी पुढे पुष्कळ प्रयत्न केला.)

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रिक्षाने गेलो. आत सोळा अंश. हिरव्या केळ्यांच्या क्रेटांच्या रांगेत एका उपड्या क्रेटवर आई बसल्या. दारातल्या काचेतून अप्पा घड्याळ बघत होते. वर्माजी दर पाच मिनिटांनी दार किलकिलं करून विचारायचे, "भाभीजी, ठीक हो?" आतून हात हलायचा. अर्धा तास आई ढिम्म बसल्या. खोकल्या नाहीत. मी तर त्या जिंकल्याच असं धरलं होतं.

मग दार उघडलं आणि सोळा अंशांतून त्या एकदम चव्वेचाळीसात आल्या. पहिल्याच श्वासाला खोकल्याची अशी उबळ आली की वर्माजींच्या हमालाने पाण्याचा अख्खा माठ आणला.

परतीच्या रिक्षात अप्पा मनाशी हिशेब करत होते. घराशी आल्यावर म्हणाले, "सोळात ही गत. त्याच्याखाली अजून चाळीस आहेत." गणित बरोबर होतं. मी तपासलं. "सोमवारी एजंटाला फोन करतो. तिकीट रद्द."

आईंनी स्वेटरची घडी घातली. बॅगेतून त्यांनी बाळाची दुपटी काढली, जुन्या सुती साड्यांची, धुऊन मऊ केलेली, आणि माझ्यापुढे ठेवली. "पार्सल कर, सुनीता. माझ्याऐवजी एवढी तरी जाऊ दे."

मी काही लगेच डोळ्यांना पदर लावणारी नाही. त्या दिवशी मात्र मला कांदे चिरायची फार घाई झाली. शुभाला मीच कळवलं. थंडीमुळे आई येणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. शनिवारी खास एक कुकर लावून ते पत्र धाडलं.

रविवारी उत्तर आलं. पहिली शिट्टी झाली होती.

"वहिनी, खरं सांग. आईला यायचं नाहीये का? नसेल तर मी रागावणार नाही, पण थंडीचं निमित्त कशाला? आम्ही काल पंखा विकत आणला. मला झोप येत नाही गं. रात्रभर वाटतं, आई आली की सगळं नीट होईल. आणि तिलाच यायचं नाहीये."

मी पत्र दोनदा वाचलं. पंखा? मग हवामानाचं पान उघडलं. ठळक अक्षरांत उणे चोवीस. त्याच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख होती. फेब्रुवारीची.

स्वयंपाकघरात कुकर किती शिट्ट्या देत होता, ते मला माहीत नाही. नंतर बघितलं तर वरणाचा कोळसा झाला होता.

अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी समोर उभी राहिले. वर्गात गृहपाठ न केलेली मुलगी उभी राहते, तशी.

"अप्पा, ते उणे चोवीस आजचं नाही."

"कालचं?"

"फेब्रुवारीचं."

मी सगळं सांगितलं. नकाशा, शिट्टी, खूण, शुभाने आणलेला पंखा. सांगताना ते जितकं मूर्खपणाचं वाटलं तितकं करताना अजिबात वाटलं नव्हतं. अप्पांनी पेपरची घडी घातली. आता ओरडतील म्हणून मी थांबले.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं शिकवलं ते बरोबर होतं?"

"हो, अप्पा."

"बर्फ वितळला?"

"कधीचाच!"

ते उठले आणि तडक आत गेले. "अगं, ऐकलंस का! बॅग भर! तिकडे उन्हाळा आहे! पुस्तकात आहे तसाच!"

मग फोन लावायला सांगितला. परदेशी. मी घड्याळाकडे बघितलं, तर म्हणाले, "घड्याळ नंतर बघ." शुभा लाइनीवर आली. अप्पांनी ऐकू येतंय का ते विचारलंच नाही. "शुभा, आई येतेय," म्हणाले. पलीकडून नुसतं रडणं आलं. मग अप्पा नाक ओढत म्हणाले, "बरं, तो पंखा चांगला आहे ना? आईला उकडतं हं." तेवीस मिनिटं चालला तो फोन. माझी दोन महिन्यांची बचत त्यात गेली, आणि मी एकदाही घसा खाकरला नाही.

आई गेल्या. एक स्वेटर अप्पांनी तरीही नेसत्या साडीवर घालायला लावला. खंडव्याला गाडी बदलताना त्यांनी तो काढला, असं नवऱ्याने येऊन सांगितलं. नवरा त्यांना दिल्लीपर्यंत पोचवायला गेला होता.

त्यानंतर मी प्रायश्चित्त घेतलं. हवामान रोज! अप्पांना आता तापमान पुरेना. वारा, आर्द्रता, पाच दिवसांचा अंदाज, सगळं ताजं हवं. जूनच्या मध्यावर एका सकाळी मी सॉफ्टवेअरला सांगितलं, त्या पानाला जोडलेली सगळी पानं आण. ते आज्ञाधारक होतं. आणत बसलं, आणत बसलं. अप्पा बाजूला खुर्ची टाकून एकेक आकडा उतरवून घेत होते. एक तास गेला. आम्ही दोघं फार समाधानात होतो.

तेवढ्यात भिंतीवरून वर्माजी ओरडले.

"मास्टरसाब! बधाई हो! नातिन हुई है! दामादजी घंटे भर से आपको लगा रहे हैं, आपका फोन ही बिजी! आखिर मेरे यहाँ लगाया!"

नात झाली, ती किती वजनाची, कोणावर गेली, आई तिला घेऊन कशा बसल्या आहेत, हे सगळं वर्माजींना ठाऊक होतं, वर्माजींच्या बायकोला ठाऊक होतं आणि त्यांच्याकडे दूध घालायला आलेल्या माणसालाही ठाऊक होतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की तिकडे एकोणीस अंश आहेत आणि वारा पश्चिमेचा आहे. तेसुद्धा मी एक तास आठ मिनिटं फोन अडवून मिळवलं होतं!