फ्राऊ क्लिंगचा भोपळा मी उन्हापासून वाचवला

माझ्या हातून आजवर एकच वेल मेला आहे, आणि तो माझा नव्हता.

तो होता जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या आमच्या घरमालकीणबाईंचा, म्हणजे फ्राऊ क्लिंग यांचा. त्या खाली राहायच्या, आम्ही वर. मागे बाग, आणि बागेत एक भोपळा. हा भोपळा सप्टेंबरात गावच्या फेस्टमध्ये मांडायचा होता, म्हणून त्या त्याला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. (मला आईनेसुद्धा इतकं पुसलेलं नाही!) कंपनीने आम्हाला मस्कतहून इथे आणलं, तेव्हा घर शोधता शोधता आमचा जीव मेटाकुटीला आला होता. हे मिळालं, पण करार वर्षभराचाच, आणि ते वर्ष आता संपत आलं होतं.

मस्कतच्या मराठी मंडळात मला 'मेथीवाले वाघमारे' म्हणायचे. वाळूत मेथी, वांगी, टोमॅटो, काय वाटेल ते काढायचो. तिथला हंगाम आपल्या दिवसांवर अगदी बरोबर बसतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बी टाकायचं, चौदा एप्रिलच्या जयंतीला शेवटची वांगी तोडायची, आणि पुढे उन्हाळाभर जे तगेल ते जगवायचं. त्यासाठी वर सावली आणि खाली खोल आळं. पाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये!

ऑगस्टात फ्राऊ क्लिंग गुडघ्यांच्या उपचारासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाल्या. जाताना बागेची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"हेर वाघमारे, काही करायचं नाही. फक्त बघायचं."

"काळजीच करू नका. वाळवंटात बाग फुलवलीय मी!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगतेय. आल्यावर कॉन्ट्रॅक्टचं बोलू."

दुसऱ्याच दिवशी ऊन पडलं. सगळी गल्ली अर्धे कपडे काढून गवतावर आडवी झाली. मी मात्र कपाटातून पलंगपोस काढले.

"अहो, त्या म्हणाल्यात ना फक्त बघा?" सुषमाने, म्हणजे आमच्या हिने, दारातच अडवलं.

"अगं, बघूनच सांगतोय. त्याला ऊन सोसत नाहीये!"

पलंगपोसांचा मांडव झाला. मग कुदळ घेतली. वेलाभोवती, भोपळ्यासकट, गुडघाभर खोल आळं खणलं, कडेने बांध घातला, तो पायाने चोपून चोपून घट्ट केला. सगळ्या हिरवळीचा उतार आळ्याकडे येईल अशा चऱ्या काढल्या. भोपळा हळूच तळाशी टेकवला. घामाघूम झालो, पण मस्कतची मंडळी हवी होती बघायला, असं वाटलं.

एवढ्यात आमची सायली आली. वर्षभरात ती मराठी फक्त ऐकायला लागली होती, उत्तर द्यायची ते जर्मनमध्ये.

"पापा, मॉर्गन रेग्नेट एस."

उद्या पाऊस म्हणे! मी हसलो. मी ओळखत होतो तो मस्कतचा पाऊस वर्षातून एकदा येतो, लोक गाड्या काढून तो बघायला जातात, आणि कॅमेरा बाहेर काढेपर्यंत संपतो.

हा संपला नाही. पडायला लागला तो पडतच राहिला. छपराचं पाणी, हिरवळीचं पाणी, बहुधा शेजाऱ्यांचंही पाणी, माझ्या चऱ्यांतून शिस्तीत आळ्यात उतरत होतं. एक थेंब बाहेर गेला नाही. बांध पक्का होता ना!

"अहो," सुषमा खिडकीतून ओरडली, "भोपळा फिरतोय!"

"फिरू दे. ... काय?"

धावत गेलो. भोपळा तळ्यात तरंगत संथपणे गोल गोल फिरत होता. मी आधी काय केलं, तर त्याच्यावर छत्री धरली. (का ते आजही विचारू नका!) मग बादलीने उपसायला लागलो, तेवढ्यात वर पाण्याने फुगलेला मांडव फाटला, लाट आली, भोपळ्याने एक गिरकी घेतली आणि देठ म्हणाला, टक्!

भोपळा कडेवर घेऊन मी वर आलो.

"परत चिकटवता येईल का गं?"

"तो भोपळा आहे, तुमच्या कंपनीच्या गाडीचा बंपर नाही!"

मग पुरावा नष्ट करणं आलं. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, आणि पुण्याहून आणलेला गूळ घालून घारगे. सायलीने शेवटी ताट बघूनच रडायला सुरुवात केली. रिकाम्या आळ्यात मी दुकानातला भोपळा नेऊन ठेवला. मूळचा पिवळा आणि गॅस सिलिंडरएवढा, हा केशरी आणि नारळाएवढा. पावसाने आक्रसला, असं सांगायचं ठरलं.

आणि दारावरची बेल वाजली. फ्राऊ क्लिंग! झऱ्यांवरही पाऊसच होता, म्हणून लवकर परतल्या होत्या. सुषमाने गोंधळून समोर असतील ते घारगे त्यांना वाढले.

"वुंडरबार! कशाचे आहेत?"

"भो... भोपळ्याचे," सुषमा म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

"मग माझ्या भोपळ्याचेही करा! फेस्ट झालं की अर्धा तुम्हालाच देणार होते मी."

मला त्या क्षणी खरोखर रडू आलं. माझं घर जात होतं, आणि वर ती बाई चांगली होती! त्या उठल्या, घारगा हातात घेऊनच बागेत गेल्या. मागून आम्ही तिघं. तळं, फाटका मांडव, मध्ये नारळ.

"पापा," सायली वाकून म्हणाली, "डेर आउफक्लेबर इस्ट नोख ड्रान!" दुकानाचा स्टिकर तसाच होता.

"मी... त्याला उन्हापासून वाचवत होतो," मी म्हणालो.

त्यांनी भरून आलेल्या आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या घारग्याकडे.

"म्हणजे हा...?"

"जा," मी मान खाली घालून म्हणालो. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो' होतो, पण त्या वेळी मराठी अर्थही चालला असता.

त्यांनी घारगा शांतपणे संपवला. मग बोटं पुसली आणि सुषमाला म्हणाल्या, "कॉन्ट्रॅक्ट वाढवू. पण हे दर रविवारी. आणि बागेची किल्ली यापुढे तुमच्याकडे."

पुढे कितीतरी वर्षं आम्ही तिथे राहिलो. आळ्याच्या जागी नंतर गवतसुद्धा धड उगवलं नाही. फ्राऊ क्लिंग पाहुण्यांना तो उघडा तुकडा आवर्जून दाखवायच्या आणि माझी ओळख करून द्यायच्या, "हे आमचे हेर वाघमारे. वाळवंटातून आले, येताना थोडं सोबत घेऊन आले."