बाळंतिणीच्या खोलीतील बुरशी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गोदूबाई यांच्याविषयी मी हे लिहीत आहे. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात परिचयाच्या व्यक्तीविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा पुष्कळांनी गोड स्वभावाची माणसे निवडली. गोदूबाईंचा स्वभाव गोड नाही. त्यांचे अर्धे आयुष्य उरणच्या मिठागरात गेले. मिठागरे भरावाखाली गेली आणि मुलगा केतन आता न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. लोक गोदूबाईंना भांडखोर म्हणतात. त्या का भांडतात, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

गेल्या आषाढात त्यांची सून रुचिता बाळंत झाली. आमच्यात बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. त्यामुळे खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला गोधडी लावली, खाटेखाली शेगडी ठेवली आणि दोन्ही वेळा ओव्याची धुरी दिली. बाहेर पाऊस असल्याने दुपटीही त्याच खोलीत दोरीवर वाळत. या सर्वांवर देखरेख करण्यासाठी गोदूबाईंची नणंद केसर आगरदांड्याहून मुद्दाम आली होती.

थोड्याच दिवसांत कपाटाच्या कडेने भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. शेगडीची काजळी असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. ठिपके पुसले की पुन्हा उमटत. मग बाळाची छाती वाजू लागली. केसरबाई म्हणाल्या, "कुणी तरी दार उघडं टाकलं. पोराला वारा बाधला." त्यांनी धुरी आणखी वाढवली.

एके सकाळी बाळ दूध पिता पिता श्वासासाठी थांबू लागले, तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी धुरी तत्काळ बंद करण्यास सांगितले आणि विचारले, "खोलीत ओल आहे का?" घरी येताच गोदूबाईंनी केतनला कपाट ओढायला लावले.

मागची भिंत काळी-हिरवी झाली होती. रंगाचे पोपडे लोंबत होते आणि भिजून कुजलेल्या गोणपाटासारखा वास येत होता.

"वन्सं, धूर वर जातो का खाली?" गोदूबाईंनी विचारले.

"वर जातो. काय येड्यासारखं इचारता, वयनी?"

"मग वर छत पांढरं कसं, नि खाली कपाटामागं काळं कसं?"

केसरबाईंनी झाडू उचलला.

"झाडू नका! सुकी झाडली तर उडंल नि पोराच्या नाकात जाईल. ही काजळी न्हाय, बुरशी हाय."

गोदूबाईंनी बाळ-बाळंतिणीला बाहेरच्या खोलीत हलवले आणि तिथली खिडकी सताड उघडली. केसरबाई ओरडल्या, "बाळंतीण मारता काय?"

"तुमचा वारा मना परवडला, वन्सं. ही भिंत न्हाय परवडत."

मग तोंडाला पदर बांधून त्या आतल्या खोलीत गेल्या, खिडकीतल्या चिंध्या उपटल्या आणि बाहेर वाकून पाहिले. वरच्या मजल्याच्या न्हाणीचा पाईप सांध्यात फुटला होता आणि सांडपाणी थेट त्या भिंतीवर वाहत होते. याच ओलीबद्दल त्यांनी मागील वर्षी तक्रार केली होती. तेव्हा बिल्डरने आपला माणूस प्रज्योत याला रंगाचा डबा देऊन पाठवले होते; रंगाखाली ओल झाकली गेली आणि ती गेली असेच सर्वांना वाटले. या वेळीही तक्रार केल्यावर प्रज्योत आला, तो रंगाचा डबा घेऊनच.

"काकी, एक हात मारतो. बुरशीचा पेशल रंग हाय."

"मढ्याला पावडर लावतोस काय रं? पाईप बघ आधी."

"पाईपाचं दिवाळीनंतर बघू, शेठ बोलले. आनी खरं सांगू काय, तुमीच खोली कोंडून ठेवता. त्यानं घाम धरतो भिंतीला."

हे अगदीच खोटे नव्हते, आणि म्हणूनच दाराशी उभी राहून ऐकताना मला अधिक राग आला. अर्धे खरे पुढे करून पूर्ण जबाबदारी झटकण्याची ही रीत मी आयुष्यभर पाहिली आहे. गोदूबाई मात्र डगमगल्या नाहीत.

"व्हय, खोली मी कोंडली. ती चूक माझी. खिडकी मी उघडली. आता तुझा पाईप तू उघड."

तो हसला आणि निघून गेला. गोदूबाई गच्चीवर गेल्या, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याच्यासमोर पाट टाकून बसल्या. काही वेळाने वरच्या मजल्यावरचा अनंता साबण लागलेल्या अंगाने, कमरेला टॉवेल गुंडाळून धावत आला.

"काकी, पानी सोडा! माझी आंघोळ अर्धी राहिली हाय!"

"तुझी आंघोळ माझ्या नातवाच्या उशाशी उतरते, अनंता. जा, बघून ये. मग सांग, सोडते."

अनंता तसाच खाली गेला. परत आला तो नाकावर टॉवेलचे टोक धरून. त्याने व्हॉल्व्हचे नाव काढले नाही. गच्चीवरूनच बिल्डरला फोन लावून तो इतका ओरडला की, खाली रस्त्यावरची माणसे वर पाहू लागली. इमारतीतील प्रत्येक घरातून फोन जाऊ लागले. जे काम दिवाळीनंतर होणार होते, ते ताडपत्री बांधून त्याच दिवशी भर पावसात झाले. दुसऱ्या दिवशी विटा दिसेपर्यंत भिंतीचा गिलावा फोडला. भिंत आतपर्यंत सुकल्याशिवाय नवा गिलावा नाही, असे गोदूबाईंनी बजावले.

बाळ बाहेरच्या खोलीत, उघड्या खिडकीखाली झोपू लागले. एका दुपारी केसरबाईंनी त्याच्या छातीला कान लावला. "वाजत न्हाय गं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

"वाजत न्हाय म्हनून मी गप बसू? पानी काय आमच्याच मजल्यावर थांबलं आसंल?" असे म्हणून गोदूबाई जिना उतरल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. माझे घर त्यांच्या घराच्या नेमके खाली आहे.

"कपाट सरकव," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "माझी भिंत चांगली आहे, गोदूबाई."

"कपाट सरकव."

मी सरकवले. मागची भिंत कमरेइतकी काळी होती. आम्ही दोघींनी मिळून प्रज्योतला फोन केला, आणि त्या दिवसापासून लोक मलाही भांडखोर म्हणतात.