बंद टाकीचे प्रशिक्षण

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या. कुणी आठवण काढली तरी नावे जुळत नाहीत. हे एक प्रकरण मात्र आजही जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते, कारण त्यातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा अपघात होण्याच्या आधीच माझ्या टेबलावर येऊन पडला होता.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील हवाई दलात होते, त्यांची शेवटची बदली चंदीगडला झाली आणि आम्ही इथलेच झालो. मी चंदीगड पोलिसांत भरती झालो आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था होती. तिथल्या वेल्डिंगच्या वर्गातली एक मुलगी एके दिवशी सकाळी अर्ज घेऊन माझ्या खोलीत आली. वय एकोणीस-वीस. राहायला झिरकपूरला, वडील सेक्टर एकमधल्या एका सरकारी कार्यालयात शिपाई.

"सर जी, आमच्या बारा जणांची इंटर्नशिप लागलीय," ती म्हणाली. "समुद्रकिनारी, जहाजं बांधतात तिथं. सहा महिने."

"मग लाडू कुठे आहेत?" मी विचारले.

ती हसली नाही. "जहाजात बंद टाक्या असतात. आत उतरून वेल्डिंग करायचं तर आधी वेगळं प्रशिक्षण लागतं. आम्हाला ते दिलेलंच नाही. पण रजिस्टरमध्ये दोन दिवस दिलं असं लिहिलंय. तिथं माझी सही आहे, ती मी केलेली नाही."

अर्ज दोन पानी होता. मी पहिले पान वाचले. बाहेर अपघाताची तक्रार घेऊन आलेल्या दोन गाडीवाल्यांची हमरीतुमरी चालली होती. शिवाय मला माझी मुलगी आठवली. पहिल्या नोकरीला बाहेरगावी जाताना तीही अशीच शंभर कारणे काढत होती. ही मुलगीही घाबरली असेल, असे मी धरून चाललो.

"बेटा, प्राचार्यांशी बोल," मी समजावले. "पोलिसांत गेलीस म्हणून यादीतून नाव कापतील. वर्गात तू एकटी मुलगी. असा चान्स पुन्हा येत नाही. तिथले लोक शिकवतीलच. जा तू."

"पक्का, सर जी?"

"पक्का."

ती गेली. मी अर्ज मुन्शीकडे सरकवला. ठाण्याच्या लेखनिकाला आमच्याकडे मुन्शी म्हणतात. त्याने तो आवक क्रमांक न टाकताच किरकोळ कागदांच्या गठ्ठ्यात ठेवला. मीही विचारले नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी ठाण्याच्या फोनवर किनाऱ्यावरच्या एका ठाण्यातल्या उपनिरीक्षकाचा फोन आला. माझे आडनाव ऐकून तो मराठीतच बोलू लागला.

"साहेब, इथं जहाजाच्या टाकीत तुमच्याकडची एक शिकाऊ मुलगी बेशुद्ध पडली. वेल्डिंगला वापरलेला गॅस तळाशी साचला होता. त्याला ना वास, ना रंग. जीव वाचला, पण डोक्याला ऑक्सिजन कमी पडलाय. कंपनी म्हणते, मुलं शिकवून पाठवली होती, कागद आहेत. मी कागद पाहिले. बारा सह्या आहेत आणि बाराही सह्यांचं वळण एकच. कागद तुमच्याकडचे आहेत, जरा बघा."

मी मुलीचे नाव विचारले. त्याने सांगितले. समोर चहा आला होता, तो तसाच राहिला.

तिच्या वडिलांची फिर्याद घेऊन बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. पंचांसमक्ष संस्थेतून रजिस्टर जप्त केले. प्रशिक्षण देणाऱ्याची सही वेल्डिंगच्या निदेशकांची होती. मुले त्यांना मास्टरजी म्हणत. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. पहिल्या दिवशी ते एकाच वाक्यावर ठाम होते : दोन दिवस वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण दिले, बाराही मुले हजर होती. बाकीची अकरा मुले फोनवर काही बोलायला तयार नव्हती. सर्टिफिकेट जाईल याची त्यांना धास्ती होती.

तेव्हा मुन्शी तो गठ्ठा घेऊन आला. "जनाब, हे बघायला हवं," एवढेच म्हणाला.

मी अर्जाचे दुसरे पान पहिल्यांदा वाचले. शेवटी तिने लिहिले होते : ज्या दोन दिवसांत प्रशिक्षण झाल्याचे दाखवले आहे, त्या दिवसांत वर्कशॉपमध्ये निवडणूक बंदोबस्ताचे पोलीस मुक्कामाला होते. विद्यार्थ्यांना आत सोडत नव्हते.

त्या बंदोबस्ताचा प्रमुख मी होतो. वेल्डिंगच्या टेबलांवर आमच्या जवानांच्या वळकट्या होत्या. ठाण्याच्या दैनंदिन नोंदींचा रोजनामचा काढला, त्यात दोन्ही दिवसांच्या नोंदींखाली माझी सही होती. त्या सकाळी मी पान उलटले असते, तर पुढे काही चौकशी करायचीही गरज नव्हती. बारा मुलांची गाडी सुटण्याआधी एक फोन पुरला असता.

दुसऱ्या दिवशी मास्टरजींना पुन्हा बोलावले. आवाज चढवला नाही. रोजनामचा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तारखा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिले.

"जनाब, तिथं तर तुम्हीच होता."

"होय. म्हणूनच विचारतोय."

त्यांनी रोजनामचा मिटून माझ्याकडे सरकवला. मग बोलू लागले. संस्थेकडे सरावाची टाकी नव्हती. गॅस मोजायचे यंत्र कधीचे बंद होते. यादी पाठवायची मुदत संपत आली होती आणि प्राचार्य म्हणाले होते, कागद पूर्ण करा, नाहीतर जागा दुसऱ्या राज्याला जातील. "मी वर्गात अर्धा तास सगळं सांगितलं, जनाब. सह्या घरी बसून केल्या. वाटलं, पोरं कुठंतरी लागतील. तिथले लोक आत उतरवण्याआधी शिकवतीलच ना?"

"त्यांना वाटलं, तुम्ही शिकवलंय," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले. या प्रकरणात कुणी लाच घेतली नव्हती. सराईत गुन्हेगार समोर असला की आपण बरोबर बाजूला आहोत हे तपास करणाऱ्याला ठाऊक असते. त्या दिवशी मला तसे वाटत नव्हते. "तिथले लोक शिकवतीलच" हे वाक्य मीही त्या मुलीला ऐकवले होते.

दोषारोपपत्र तयार होताना मुन्शी हळूच म्हणाला, "जनाब, अर्जावर आवक क्रमांक नाही. तो जोडलाच पाहिजे असं नाही. तुमच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत."

मी अर्ज जोडला. यात मोठेपणा काही नाही. कारण सोबतच्या टिपणात मी लिहिले : अर्जदारास योग्य मार्गदर्शन करून पाठविण्यात आले. पोलिसी भाषेत असे वाक्य कुठेही खपून जाते.

न्यायालयात ते खपले नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो. बचाव पक्षाच्या वकिलांनी टिपण वाचून दाखवले आणि विचारले, "योग्य मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय केलंत?"

मुलगी वडिलांशेजारी बाकावर बसली होती. मी म्हणालो, "अर्ज पूर्ण न वाचता मी तिला जायला सांगितलं."

मास्टरजी आणि प्राचार्य दोघांना शिक्षा झाली. अपील करून दोघेही जामिनावर आहेत. मला खात्याची नोटीस आली, मी कबुली दिली, ताकीद मिळाली. बाकीच्या अकरा मुलांना किनाऱ्यावरच रीतसर शिकवले गेले. त्यातली काही आज चांगल्या पगारावर आहेत. तिचे हात मात्र थरथरतात. वेल्डिंगचा जोड सरळ येत नाही, म्हणून तिने तो धंदा सोडला.

खात्यात असताना मी नव्या पोरांना सांगायचो, तक्रारदार खोटे कुठे बोलतो ते पकडा. आता कुणी विचारले तर सांगतो, आधी कागद शेवटपर्यंत वाचा. घाबरलेल्या माणसाला धीर देणे सोपे असते आणि धीर दिला की आपलेच आपल्याला बरे वाटते. तो का घाबरलाय हे विचारायला जास्त वेळ लागतो. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला हे कळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी दिली.

साक्ष झाली त्या दिवशी जिन्यापाशी वडिलांचा हात धरून ती थांबली होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारले, "सर जी, एक विचारू? त्या दिवशी मला नीट सांगता आलं नव्हतं का?"

एवढे दिवस ती चूक स्वतःमध्ये शोधत होती.

"तू अगदी नीट सांगितलं होतंस, बेटा," मी म्हणालो. "मीच ऐकलं नाही."

तिने मान हलवली. "ठीक है, सर जी," म्हणाली. मग कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, वडिलांबरोबर खाली उतरू लागली. झिरकपूरची बस त्यांना गाठायची होती.